चौदा बार गप्प

कन्चेर्तो ग्रोसो या संगीतप्रकाराशी माझं वैर आहे. आमच्या घरात तो स्पीकरवर लागला की मी उठून स्वयंपाकघरात जाते आणि विनाकारण भांडी वाजवते. तीनशे वर्षांपूर्वी इटलीतल्या लोकांनी माझं काय वाईट केलं होतं, असं नवरा विचारतो. त्यांनी केलं ते सांगायचं तर जरा मागून सुरुवात करावी लागेल.

प्रकार तसा साधा आहे. तंतुवाद्यांचा एक मोठा ताफा असतो आणि त्याच्याच पोटात तिघांचा छोटा गट असतो, दोन व्हायोलिन आणि एक चेलो. आधी सगळे मिळून दणक्यात वाजवतात. मग मोठा ताफा एकदम थांबतो आणि ते तिघेच आपापसात बोलल्यासारखं वाजवत राहतात. मग पुन्हा सगळे. छोट्या गटाला एक इटालियन नाव आहे आणि मोठ्या गटालाही एक आहे. मोठ्या गटाच्या नावाचा अर्थ म्हणे भरणा. आमच्या संचालकांनी पहिल्या दिवशी हे सांगितलं तेव्हा मला भरल्या वांग्यांतलं सारण आठवलं. मी त्या सारणात होते.

संचालक म्हणजे एक निवृत्त संगीतशिक्षक, सत्तरीला आलेले, बारीक, गळ्यात चष्म्याची दोरी. दर रविवारी सकाळी इथे सिंगापुरात, बिशानच्या कम्युनिटी क्लबात ते हौशी लोकांचा वाद्यवृंद चालवायचे. आम्ही तेव्हा नुकतेच सेंगकांगहून बिशानला आलो होतो, मुलीची शाळा जवळ पडावी म्हणून. मुलगी शाळेत व्हायोलिन वाजवायची आणि रविवारी या वृंदात जायची. मी तिला सोडायला जायचे आणि दोन तास बाहेरच्या बाकावर बसून ऑफिसचे ईमेल बघायचे. एकदा संचालक बाहेर आले आणि कुणीतरी मागच्या रांगेत हवं आहे, तुम्हाला वाजवता येतं असं मुलगी सांगते, म्हणाले. मुलीनं हे त्यांना का सांगितलं कोण जाणे. पुढे तिला त्याचा पश्चात्ताप झाला असावा.

मला वाजवता येत होतं ते असं. पुण्यात चौदा वर्षं मी एका गुरुजींकडे व्हायोलिन शिकले, जमिनीवर मांडी घालून, व्हायोलिनचं डोकं पावलाला टेकवून. गुरुजींनी मला तयार केलं ते साथीसाठी. गाणारा गातो, आपण त्याच्या मागे पाऊल-अर्धं पाऊल राहून तेच काढायचं, त्याच्यावर चढायचं नाही. आणि त्यांचा मुख्य धडा असा, की गाणाऱ्यानं श्वास घेतला की तुझं काम सुरू. तो थांबला, विसरला, खोकला, पाणी प्यायला, तरी ऐकणाऱ्याला भोक दिसता कामा नये. हे माझ्या हातात इतकं मुरलं होतं की फोनवर समोरचा बोलता बोलता थांबला तर त्याचं वाक्य मी पुरं करते. ऑफिसात माझ्याबद्दल ही तक्रार लेखी आहे.

साथीदाराचं नाव पत्रिकेत शेवटी येतं. माझं बऱ्याचदा आलंच नाही, 'आणि सहकलाकार' यात मी बसले. एका वर्षी गुरुजींनी वार्षिक कार्यक्रमात मला एकटीला दहा मिनिटं दिली होती. प्रमुख पाहुणे उशिरा आले, त्यांचं भाषण लांबलं आणि दहा मिनिटं त्यात गेली. पुढच्या वर्षी लग्न, मग सिंगापूर. इथे गणपतीत मंडळाच्या गायकांना साथ करत राहिले. लोक येऊन गायकाला म्हणायचे, आज काय रंगलं होतं तुमचं. मी तंबोऱ्याचं ॲप बंद करत शेजारी उभी असायचे.

म्हणून सांगते, चाळिशी उलटल्यावर मला एकच हवं होतं. एकदा, फक्त एकदा, माझी स्वतःची ओळ लोकांनी ऐकावी. कुणाच्या तरी मागची नको, माझी.

वृंदात पहिली दोन वर्षं शिकण्यातच गेली. खुर्चीवर बसून व्हायोलिन हनुवटीखाली धरायचं, त्यानं मान आखडायची. पाश्चात्य स्वरलेखन मला भराभर वाचता येत नव्हतं, म्हणून मी पानावर प्रत्येक सुराखाली पेन्सिलीनं सा रे ग म लिहून काढायचे. मुलगी ते पान पालथं घालून ठेवायची. "मम्मा, पीपल विल सी," म्हणायची. ती पंधरा वर्षांची होती. तिला माझ्या डब्याचा, माझ्या इंग्रजीचा आणि माझ्या सारेगमचा संकोच वाटण्याचं वय होतं ते, आणि तिनं ते वय मनापासून साजरं केलं.

पण खरी अडचण वेगळीच होती. मोठा गट थांबायचा आणि मी थांबायचे नाही. छोट्या गटाचे तिघे वाजवायला लागले की माझा हात आपोआप त्यांच्यामागे जायचा, अगदी हळू, मऊ, जशी साथ करावी तसा. मला कळायचंही नाही. संचालक काठी खाली ठेवायचे आणि मागच्या रांगेकडे बघायचे.

"कोण वाजवतंय?"

सगळे माझ्याकडे बघायचे.

"मॅडम, तुमच्या पानावर काय लिहिलंय?"

"रेस्ट."

"किती?"

"फोर्टीन बार्स."

"देन फोर्टीन बार्स, नथिंग लाह."

इथल्या इंग्रजीच्या शेपटीला 'लाह' नाहीतर 'वॉट' लागतंच, त्याला अर्थ नसतो. बार म्हणजे ठेक्याचं एक छोटं माप, आपल्या आवर्तनाचं धाकटं भावंड म्हणा. असे चौदा बार वाद्य मांडीवर ठेवून नुसतं मोजायचं. समोर तिघं गाताहेत, श्वास घेताहेत, आणि आपण मोजायचं. याला संगीत म्हणतात हे मला कुणी पटवून दिलं नाही आणि मला पटलंही नाही. पण कानाला खडा लावला आणि मोजायला शिकले.

तिसऱ्या वर्षी छोट्या गटातलं दुसरं व्हायोलिन वाजवणारा माणूस बदली होऊन हाँगकाँगला गेला. कार्यक्रमाला पाच महिने होते. संचालकांनी इच्छुकांना वाजवून दाखवायला सांगितलं. मी ती ओळ केव्हाची पाठ केली होती, मागून वाजवून वाजवून. मी वाजवली. त्यांनी चष्मा वर केला, माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि म्हणाले, तूर्त त्या खुर्चीवर बसा, बघू या.

ते "बघू या" ऐकून मी घरी शिरा केला.

त्यानंतर मी रोज वाजवायचे. ऑफिस वन-नॉर्थला होतं, घरी यायला सात वाजायचे, आणि खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी नऊनंतर आवाज नको असं दारावर चिठ्ठी लावून कळवलं होतं. म्हणजे सात ते नऊ. पोळ्या नवरा बाहेरून आणायचा. तो म्हणायचा, इटलीमुळे आपल्याकडे आता पोळीही विकतची. पण आणायचा.

पहिल्या आणि तिसऱ्या भागात माझं बरं चाललं होतं. गाडं अडलं ते मधल्या संथ भागात. तिथे दोन व्हायोलिनांनी एकमेकींना टोचायचं असतं. एक सूर धरून बसते, दुसरी येऊन अगदी शेजारच्या सुरावर बसते, दोघींचं कानाला खटकतं, आणि मग धरून बसलेली एक पायरी खाली उतरते तेव्हा गोड होतं. लगेच दुसरीची पाळी. असं सारखं. पहिलं व्हायोलिन एक दंतवैद्य तरुणी वाजवायची, फार सुंदर हात. ती माझ्या सुराशेजारी येऊन बसली की मी लगेच उतरायचे. तिला जागा करून द्यायचे. तेही नुसती उतरायचे नाही, घसरत उतरायचे, छान मींड घेऊन.

"डोन्ट फॉलो हर," संचालक म्हणायचे. "थांबा. तिला खटकू द्या. तुम्ही आधी उतरलात तर भांडणच होत नाही."

आता याला काय म्हणावं? चौदा वर्षं एका माणसानं मला शिकवलं की मुख्य कलाकाराला खटकेल असं काही करायचं नाही. आता दुसरा माणूस सांगतो, खटकू दे. मी थांबायची प्रतिज्ञा करून बसायचे. ती यायची, कानाला टोचायचं, आणि बोट आपोआप घसरायचं. पाच वेळा वाजवलं तर दोनदा जमायचं. तेही तीन व्हायला लागलं होतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, तीन व्हायला लागलं होतं.

मग ऑफिसात एक रविवार आला. नवी प्रणाली चालू होणार होती आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी कुणीतरी बसायला हवं होतं. आमच्या टीममध्ये सात जण, आणि मॅनेजरनं विचारलं तेव्हा सगळे गप्प झाले. गप्पपणा भरून काढायची माझी सवय. मी म्हणाले, मी येते. एका रविवारची तालीम चुकली, एकाच.

त्या दिवशी माझ्या जागी संचालकांनी मुलीला बसवलं. तिनं ती ओळ कधी वाजवली नव्हती. पण घरात रोज दोन तास ऐकून तिला ती पाठ होती. आणि तिला खटकण्याचं काहीच वाटत नाही, तिला कुणी साथ शिकवलेली नाही. बुधवारी जेवताना वृंदाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यादी आली. मुलीनं आधी बघितली आणि फोन उलटा ठेवला. मग मी बघितली. छोट्या गटात दुसऱ्या व्हायोलिनपुढे तिचं नाव होतं. माझं मागच्या रांगेत, शेवटून दुसरं.

"आय डिड नॉट आस्क," ती म्हणाली.

"मला माहीत आहे."

"यू वॉन्ट मी टू टेल हिम नो?"

हा प्रश्न तिनं मला विचारायला नको होता. आईनं यावर काय उत्तर द्यायचं असतं? मी म्हणाले, वेडी आहेस का, छान वाजव. नवरा म्हणाला, "जाऊ दे, खुर्ची घरातच राहिली." मी आमटीचं भांडं उचललं आणि आत गेले. आमटी संपली नव्हती.

आपलेच दात, आपलेच ओठ. तिच्यावर चिडता येत नव्हतं आणि न चिडता राहता येत नव्हतं. खरं सांगते, मला हेवा वाटला. पोटच्या मुलीचा. तिनं सरावाला सुरुवात केली की मी भाजी चिरता चिरता ऐकायचे आणि तिची चूक झाली की मनातून जरा बरं वाटायचं. मग त्याची लाज वाटायची आणि मी तिच्यासाठी काहीतरी तळायला घ्यायचे.

आणि मागच्या रांगेत माझा हात पुन्हा बिघडला. आता तर समोर मुलगी होती. ती संथ भागात एका ठिकाणी हमखास डळमळायची, नवव्या बारनंतर. तिथे नजर चुकते, कारण खाली-वर दोन ओळी सारख्या दिसतात. ती डळमळली की मी मागून वाजवायचे, नखाएवढं. तिला ठिकाण सापडायचं आणि ती पुढे जायची. असं चार-पाच तालमींत झालं. संचालकांना ऐकू येणारच होतं. त्यांनी पुन्हा काठी ठेवली, पुन्हा तेच विचारलं, आणि या वेळी मागे वळून बघणाऱ्यांत माझी मुलगीही होती.

घरी जाताना, क्लबातून आमच्या ब्लॉकपर्यंत दहा मिनिटांची वाट आहे, ती पूर्ण वाट ती माझ्या चार पावलं पुढे चालली. लिफ्टपाशी वळली.

"मम्मा, प्लीज. डोन्ट प्ले माय पार्ट. एव्हरीवन नोज इट्स यू. दे थिंक आय कॅनॉट मेक इट."

"तू चुकत होतीस म्हणून—"

"देन लेट मी चुकू लाह."

तिचं मराठी असं अधूनमधून, नको तिथे येतं. मला हसू यायला हवं होतं. त्याऐवजी मी फटकन म्हणाले, ती ओळ माझी होती. तिनं माझ्याकडे बघितलं, लिफ्टचं बटण दाबलं आणि वर जाईपर्यंत आम्ही दोघी आकड्यांकडे बघत राहिलो. आयुष्यात बोललेलं एखादं वाक्य परत घेता आलं तर पहिलं हेच घेईन.

त्यानंतर मात्र मी मनावर घेतलं. तालमीत विश्रांती आली की गज मांडीवर आडवा ठेवायचा, डाव्या हाताचा अंगठा उजव्या मुठीत घट्ट धरायचा आणि मराठीत मोजायचं. एक दोन तीन चार, दोन दोन तीन चार, तीन दोन तीन चार. समोर मुलगी डळमळली तरी मोजायचं. ती दोनदा डळमळली, दोन्ही वेळा कशीबशी सावरली. मी हलले नाही. शेवटच्या तालमीला संचालकांनी मागच्या रांगेकडे बघून अंगठा वर केला. तीन वर्षांत पहिल्यांदा. मला इतका संताप आला की घाम फुटला, त्या एसीत.

कार्यक्रम शनिवारी संध्याकाळी क्लबाच्याच सभागृहात होता. शंभरेक माणसं असतील, बहुतेक वाजवणाऱ्यांची घरची. नवरा तिसऱ्या रांगेत फोन उभा धरून बसला होता. मुलीनं काळा ड्रेस घातला होता, केस घट्ट बांधले होते. ती पुढे बसली तेव्हा मला तिची मान दिसत होती आणि मानेवर पाणी लावून लावून मीच बसवलेली एक चुकार बट.

पहिला भाग छान गेला. संथ भाग सुरू झाला, सगळ्यांचा आरंभ झाला, आम्ही थांबलो आणि ते तिघे उरले. मी गज आडवा ठेवला आणि मोजायला लागले. दंतवैद्य तरुणीचा सूर माझ्या मुलीच्या सुराला टोचला, आणि मुलगी थांबली, थांबून राहिली, मग उतरली. किती सुंदर उतरली. मला जे रोज दोन-दोन तास घासूनही जमलं नव्हतं ते तिनं सहज केलं आणि मी मोजता मोजता मान्य केलं, की खुर्ची बरोबर माणसाला मिळाली आहे.

नववा बार संपला. दहाव्यात तिचा गज तारेवरून उठला आणि तसाच हवेत राहिला. तिची नजर पानावर वर-खाली फिरत होती. पहिलं व्हायोलिन आणि चेलो पुढे चालले होते आणि मधे, जिथे तिचा सूर हवा, तिथे भोक पडलं होतं. माझं बोट कधी तारेवर गेलं मला कळलं नाही. तो सूर माझ्या बोटाखाली होता. मऊ, मागून, कुणाला कळलं नसतं.

मी अंगठा मुठीत धरला. दहा दोन तीन चार. अकरा दोन तीन चार. मुलीनं डोकं किंचित वळवलं, इतकं किंचित की मला वाटलं पान बघतेय. बारा दोन तीन चार. तेरा. चौदा. मग आम्ही सगळे शिरलो, तीही शिरली, आणि भाग संपेपर्यंत सगळं नीट झालं.

टाळ्या झाल्या. नवरा म्हणाला, मधे ते अगदी विरळ झालं ना, तो भाग फार आवडला. संचालक खुर्च्यांच्या रांगेतून मुद्दाम माझ्यापर्यंत आले. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "टुडे, व्हेरी गुड. व्हेरी क्लीन." त्यांना भोक ऐकू आलं नसेल असं शक्यच नव्हतं. ते माझ्याबद्दलच बोलत होते आणि मनापासून बोलत होते.

मुलगी सभागृहामागच्या जिन्यावर बसली होती, व्हायोलिनची पेटी मांडीवर. मी शेजारी बसले. तू सुंदर वाजवलंस हे खरं होतं, पण त्या घडीला ते बोलणं खोटं वाटलं असतं. मी म्हणाले, कुणाला कळलं नाही.

ती बराच वेळ पेटीची चेन उघडत आणि लावत राहिली.

"व्हाय यू नेव्हर प्ले?" ती म्हणाली.

"तूच नको म्हणाली होतीस."

"आय नो." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "बट यू ऑलवेज कम इन, वॉट. आय वॉज वेटिंग फॉर यू."

मला खूप राग आला. तिचा, संचालकांचा, गुरुजींचा, त्या चौदा बारांचा, सगळ्यांचा एकदम. खाली हॉलमध्ये कुणीतरी खुर्च्या एकात एक घालत होतं. ती उठली, पेटी खांद्याला लावली आणि मी उठायची वाट बघत उभी राहिली.